न उपसलेली विहीर

आमची वस्ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पाऊल टाकाल तिथे वाळू, आणि वाळू थोडी उकरली की ओल. अशा जागी विहीर खणायला कष्ट पडत नाहीत, ती राखायला पडतात. वाळू बाजूंनी सरकत राहते, पाला पडतो, बेडूक मरतात. वर्षाकाठी एकदा विहीर उपसून गाळ काढला नाही तर पाण्याला वास मारतो.

हे काम तळदादाच्या घराण्याचं. आधी त्याचे आजोबा विहिरीत उतरायचे, मग वडील, मग हा. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि मानी इतका की चालताना वाटेतला दगडसुद्धा बाजूला होईल असं वाटावं. त्याची रीत ठरलेली. पाणी उपसत जायचं, गाळ काढत जायचा, आणि खालची पांढरी वाळू उघडी पडली की आतूनच आरोळी ठोकायची, "तळ!" ती आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. मग झरे पुन्हा वाहू लागले की नव्या पाण्याची पहिली बादली वर पाठवायची. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं तिच्यातली ओंजळभर प्यायची आणि मान हलवायची. ती मान हलल्याचं कळेपर्यंत तळदादा विहिरीतून वर येत नसे. एवढ्यावरून त्याला हे नाव पडलं.

वर, रहाटावर, त्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. दंड असे की रहाटानं कुरकुरायची हिंमत करू नये. तो खालून दोर हलवायचा, ती वरून ओढायची, आणि दोघांचं बोलणं विहिरीत घुमत राहायचं.

"अहो, झोपलात का खाली?"

"गार वाटतंय. तू पण ये."

"मी आले तर वर काढणार कोण? तुमची आत्या?"

लोक म्हणायचे, नवराबायकोत मधे एक विहीर असली की संसार टिकतो.

त्यांना एकच लेक. तिला वस्तीतच दिलेली, चार घरं टाकून पलीकडे. जावई बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लेकीला वादळाच्या थोडं आधी मुलगी झाली होती, आणि तळदादा रोज काही ना काही निमित्त काढून तिकडे जायचा. दोर विसरला, तंबाखूची डबी विसरली. विहीणबाई म्हणायच्या, "व्याहीबुवा, एकदाच काय ते सगळं इथे आणून ठेवा, म्हणजे विसरायला नको."

मग ते वादळ आलं.

वादळ कसं तयार होतं हे मी शाळेतल्या गुरुजींना विचारून घेतलं आहे, आणि मला समजलं तसं सांगतो. उन्हाळाभर समुद्र तापतो. वरवरचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट होतं. त्याची वाफ उठते, उंच जाते, गार होऊन तिचे ढग होतात, आणि ढग होताना ती पोटातली ऊब सोडते. त्या उबेनं हवा आणखी हलकी होते, आणखी वर धावते, आणि खाली जागा रिकामी पडते. रिकाम्या जागेवर कुणाचा डोळा नसतो? चहूबाजूंचा वारा तिकडे धाव घेतो. पण पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वाऱ्याला सरळ जाता येत नाही. तो वळत जातो आणि गरगरू लागतो. खाली कोमट पाणी आहे तोवर त्याला खुराक मिळत राहतो. जमिनीवर आला की उपाशी पडतो आणि मरतो. पण मरता मरता हातपाय झाडतो, आणि त्या हातापायांखाली आमच्यासारख्यांची घरं असतात. गुरुजी म्हणाले, हल्ली समुद्र पूर्वीपेक्षा जास्त तापतो, म्हणून वादळं भरल्या पोटी येतात.

रेडिओवर त्या वादळाला एक गोड नाव दिलेलं होतं, एखाद्या भाचीला ठेवावं तसं. कर्ण्यावरून सांगत गाडी फिरली, आणि आम्ही सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलो. ऐकलं म्हणून वाचलो. भर दुपारी अंधारून आलं. पत्रे उडताना दिसले, पण त्यांचा आवाज ऐकू आला नाही, कारण वाऱ्यापुढे दुसरा कुठला आवाजच उरला नव्हता. तरी वारा परवडला. वारा घरं मोडतो, पण वस्ती बुडवतं ते पाणी. अंगणातलं पाणी खराट्यानं लोटावं तसं वादळ समुद्राला पुढ्यात घालून लोटत आणतं. त्यात भरतीची वेळ गाठली की विचारायला नको. आम्ही वरून बघत होतो आणि रस्ता, अंगणं, चुली, विहिरींचे कठडे, सगळं एकेक करून राखाडी पाण्याखाली गेलं. तळदादा खिडकीशी उभा होता. तो घरांकडे बघत नव्हता. त्याच्या ओठांची हालचाल चालू होती. एकेक विहीर बुडताना तो कुणाची ते म्हणत होता.

पाणी ओसरल्यावर घरं सापडली, निम्मीअर्धी का होईना. बोटी झाडांत अडकलेल्या सापडल्या. शिंपीकाकांचं शिवणयंत्र तर शाळेच्या मैदानात उभंच्या उभं मिळालं, जणू तिथेच दुकान मांडायचं होतं. पण प्यायला पाणी नव्हतं. प्रत्येक विहिरीत समुद्र भरलेला. टँकर यायचा, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच. हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींशी भांडायच्या आणि मग एकमेकींचेच हंडे उचलून द्यायच्या. पडलेलं घर माणूस उभारतो, पण पाणी नसलेल्या जागी कशाच्या भरवशावर उभारणार? दोन कुटुंबं शहराकडे गेली. मग आणखी एक गेलं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "विहिरी गोड झाल्या तर राहू."

म्हणजे सगळ्यांचे डोळे तळदादाकडे. आणि त्याचे डोळे लेकीच्या घराकडे, कारण जावयानं सांगून टाकलं होतं, "बाबा, तान्हं पोर आहे. टँकरच्या पाण्यावर किती दिवस? आमची विहीर होत असेल तर बघा, नाहीतर मी टेम्पो सांगतो."

लेकीच्या घरची विहीर मात्र लगेच हाताला लागण्यासारखी नव्हती. तिच्यावर एक जुनं, दोघांच्या कवेत न मावणारं झाड मुळासकट आडवं झालं होतं. ते कापायला करवत लागणार, करवतवाले सगळीकडे अडकलेले. तेव्हा तळदादानं दुसऱ्या विहिरींपासून सुरुवात केली.

पहिली शिंपीकाकांची. वस्तीतली निम्मी माणसं दोराला लागली. मेलेले मासे निघाले, चपला निघाल्या, कुणाच्या तरी दाराची कडी निघाली. पाणी उपसून तळ लागला, आरोळी झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वादळानंतर पहिल्यांदाच कुणीतरी टाळी वाजवत होतं. झरे वाहू लागले, बादली वर आली. शिंपीकाका वस्तीत सगळ्यांत म्हातारे, मोठे भिडस्त. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली, गिळली, डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे काका?" खालून आवाज आला.

"छान स्वच्छ आहे," काका म्हणाले. "चव जरा... वेगळी आहे."

वहिनीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "अहो, या वर. समुद्र आहे हा."

तळदादाला वाटलं, उपसा कमी पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपसली. जास्त खारट. तिसऱ्यांदा उपसली तर जीभ चरचरेल असं पाणी. मग त्यानं गवंड्याची विहीर धरली, मग शाळेची. तळ लागायचा, आरोळी व्हायची, आणि पाणी आधीपेक्षा खारं यायचं. आरोळी हळूहळू बारीक होत गेली. टाळ्या तर केव्हाच थांबल्या होत्या.

शाळेच्या विहिरीवर पाणीखात्याच्या एक बाई आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाण्यातला खार मोजायचं पेनासारखं एक यंत्र. पाण्यात बुडवून त्यांनी आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"दादा, उपसणं थांबवा. भरलेलं पाणी एकदा हळूहळू काढलंत ते ठीक. पण तळापर्यंत जाऊ नका. पाऊस पडू द्या."

तळदादा विहिरीतूनच म्हणाला, "बाई, आमच्याकडे तळ दिसल्याशिवाय काम संपत नाही."

"मग संपवू नका काम," बाई म्हणाल्या.

माणसं हसली. तळदादाला ते हसू लागलं. घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "त्यांना विहीर म्हणजे नळ वाटतो. तोटी बंद केली की झालं."

बाईंना गाडीपर्यंत पोहोचवायच्या निमित्तानं वहिनी मघाशी मागे राहिली होती आणि चार गोष्टी विचारून आली होती. पण नवऱ्याच्या जखमेवर त्याच दिवशी मीठ कशाला, म्हणून गप्प बसली. तसंही त्या दिवसांत मीठ सगळीकडे पुरेसं होतं.

मधे पाऊस झाला. एकदा जोराचा, मग चारपाच दिवस रिमझिम. आणि अखेर करवतवाले आले. लेकीच्या विहिरीवरचं झाड कापून ओंडके बाजूला केले, तेव्हा खाली विहीर जशीच्या तशी, पानांनी भरलेली. तोवर जावयाचा धीर सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. गाद्या गुंडाळून दारात ठेवलेल्या, भांडी पोत्यात बांधलेली, पाळण्याच्या दोऱ्या सोडलेल्या.

तळदादा सकाळी दोर खांद्यावर टाकून आला. विहीणबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"व्याहीबुवा, टेम्पो यायला वेळ आहे. तुमच्यानं होत असेल तर आत्ताच उपसा. पाण्यात पाला कुजलाय, काय काय मेलंय कोण जाणे. ती नीट झाली तर या गाद्या मी स्वतः उलगडीन. मला काय शहरात जाऊन राज्य करायचंय?"

लेक मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी. तिचं तोंड वडिलांकडे. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. तळदादानं सदरा काढला, दोर कमरेला बांधला, कठड्यावर पाय ठेवला.

"थांबा," वहिनी म्हणाली.

"काय झालं?"

"मी रहाट ओढणार नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं भांडणं भरपूर केली, पण रहाट कधी सोडला नव्हता.

"अगं, टेम्पो यायचाय."

"म्हणूनच." तिनं जाळ्याचा तुकडा काठीला बांधला आणि वरचा पाला अलगद काढला, दुधावरची साय काढावी तसा. मग एक वाटी दोरीनं सोडली, ती नुसती टेकवली आणि वर घेतली. स्वतः प्यायली. मग वाटी त्याच्यापुढे धरली. "प्या."

तळदादानं घोट घेतला. पाल्याचा तुरट वास होता. खारटपणा होता, पण जिभेला शोधावा लागेल इतकाच.

"ही उपसलेली नाही तरी अशी कशी?" तो म्हणाला.

"उपसलेली नाही म्हणूनच अशी. त्या बाई म्हणाल्या, पावसाचं पाणी हलकं, समुद्राचं जड. वाळूत गोडं वर राहतं, खारं खाली. आपण तळापर्यंत उपसतो तेव्हा वरचं गोडं फेकून देतो आणि खालच्या खाऱ्याला म्हणतो, ये रे बाबा वर."

"बाई म्हणाल्या म्हणजे..."

"बाईंचं सोडा. तुमच्या जिभेचं ऐका."

तळदादा कठड्यावरून खाली आला. त्याला पटलं नव्हतं, पण न पटल्याचंही सांगता येत नव्हतं. तो जावयाकडे वळला. "एक बूच असलेली बाटली दे. आणि लांब बांबू."

बाटली बांबूच्या टोकाला बांधली, बुचाला वेगळी सुतळी. पाणी न ढवळता तळदादानं बांबू हळूहळू खाली सोडला. टोक वाळूला लागल्याचं त्याच्या हाताला कळलं. मग त्यानं सुतळीला हिसका दिला. वर बुडबुडे आले. बाटली काढून त्यानं तोंडाला लावली, आणि लगेच वाकून ओकल्यासारखं केलं. मग विहिरीकडे पाठ करून ओट्याच्या पायरीवर बसला.

एकाच विहिरीत दोन पाणी. वर पिण्याजोगं, खाली समुद्र. आयुष्यभर तो खाली होता आणि रहाट वर. वरचं पाणी कसं लागतं हे त्यानं कधी चाखलंच नव्हतं, त्याच्या लेखी ते फेकायचं पाणी.

एव्हाना शेजारीपाजारी जमले होते. शिंपीकाकाही काठी टेकत आले होते. तळदादा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमची विहीर वादळानं जेवढी बिघडवली त्याहून जास्त मी बिघडवली. गवंड्याचीही. शाळेचीही."

गवंड्यानं तोंड उघडलं होतं, पण शिंपीकाकांनी काठी त्याच्या पायावर ठेवली आणि तो गप्प बसला.

"उसवलेलं पुन्हा शिवता येतं," काका म्हणाले. "वेळ लागतो एवढंच."

विहीणबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आता हे बरं झालं. ज्यांना विहिरीतलं कळतं म्हणून आम्ही थांबलो, ते म्हणतात मला कळत नव्हतं. मग आम्ही कुणाच्या भरवशावर राहायचं इथे?"

तळदादानं बायकोकडे बोट केलं. "हिच्या."

"माझ्या नको," वहिनी म्हणाली. "पावसाच्या. आणि थोडं तुमच्या हातांच्या, विहीणबाई. सकाळ-संध्याकाळ वरवरचं पाणी काढायचं, लहान बादलीनं, उकळून घ्यायचं. मोटर नाही, पंप नाही, हावरटपणा नाही. जमेल?"

"हावरटपणाचं मला सांगता?"

"तुम्हालाच सांगते. हंडे तुमचेच मोठे आहेत."

विहीणबाई हसायच्या नव्हत्या, पण हसल्या. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला.

जावई उठला. त्याची अडचण खरी होती. बोटी सगळ्या मोडलेल्या, दुरुस्तीला इंजिनंच नाहीत, हाताला काम नाही. नुसत्या पाण्यावर घर चालत नाही. त्यानं बायकोकडे बघितलं. लेक म्हणाली, "तुम्ही जाऊन या. आम्ही राहतो. पाऊसकाळ बघू. नाहीच झालं तर मी स्वतः येईन, बोलवायलासुद्धा लागणार नाही."

टेम्पोवाला वैतागला. एवढी मोठी गाडी, आणि आत बसला एक माणूस आणि एक पत्र्याची पेटी. "गाद्या?" त्यानं विचारलं.

"गाद्या इथेच," विहीणबाई म्हणाल्या, आणि बोलल्याप्रमाणे स्वतः उलगडायला लागल्या.

तो पाऊसकाळ तळदादाला फार जड गेला. काम करणं सोपं, न करणं अवघड. तो लेकीच्या विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचा. कुणी बादली खोल सोडली की खेकसायचा, "वर, वर! तळाशी काय तुझं सोनं पडलंय?" त्याचं अंग विहिरीत उतरायला ओढ घ्यायचं, हात उगाच दोराची गाठ बांधायचे आणि सोडायचे. एकदा वहिनीनं त्याला विचारलं, "काय करताय?" तर म्हणाला, "काही नाही. तेच तर करतोय."

रोज सकाळी तो दोन कळशा भरून शिंपीकाकांकडे न्यायचा, मग गवंड्याकडे, मग शाळेत. कुणी सांगितलं नव्हतं. गवंडी पहिले काही दिवस दार उघडायचा पण बोलायचा नाही. मग एक दिवस म्हणाला, "पाय पुसून आत ये, चहा टाकलाय. तुझ्याच पाण्याचा." त्यानंतर दोघांची दोस्ती झाली ती आजपर्यंत आहे.

लेकीची विहीर पावसागणिक गोड होत गेली. शहराकडे गेलेल्यांपैकी एक कुटुंब परत आलं, दोन नाही आली. त्यांच्या जोत्यांवर आता गवत आहे. गवंड्याची विहीर पुढच्या पावसाळ्यानंतर सुधारली, शाळेची त्याच्याही नंतर. शिंपीकाकांची अजून मचूळ आहे. तिच्या पाण्यानं भांडी घासतात.

पाऊसकाळ सरला आणि जावई आला, त्याच टेम्पोतून, तसाच वैतागलेला टेम्पोवाला पुढे. जावयाच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. मागचं फळकं पाडून त्यानं कापड बाजूला केलं. आत चकचकीत नवा पंप.

"बाबा, आता कष्ट संपले! बटण दाबलं की विहीर रिकामी!"

अंगणातले सगळे एकदम गंभीर झाले. तळदादा पंपाजवळ गेला, त्याच्यावरून हात फिरवला, खरोखर कौतुकानं. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत राहिला. जावयाचं तोंड आधी पडलं, मग तो डोकं खाजवू लागला, मग खाडीकडे बघू लागला. तिथे दुरुस्तीला लागलेल्या बोटी अर्ध्याअधिक पाण्यात बसल्या होत्या, आणि माणसं डब्यांनी पाणी काढून मेटाकुटीला आली होती.

त्याच संध्याकाळी पंप खाडीवर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुसरी बोट, मग तिसरी. पाणी काढलं की इंजिन उघडायचं, इंजिन उघडलं की जावई हवाच. परत जायची त्यानं ठरवलेली तारीख आली आणि गेली, तेव्हा तो एका बोटीच्या पोटात पालथा पडून नट आवळत होता. बायको जेवायला बोलवायला गेली तर आतूनच म्हणाला, "हे एवढं झालं की येतो."

"कुठे, शहरात?" तिनं विचारलं.

"घरी," तो म्हणाला. "शहरात कशाला?"